बारा व्होल्ट

गाडी मेली नव्हती,
तिनं फक्त ओळख द्यायचं सोडलं होतं.
रिमोट दाबला, गप्प. परत दाबला, गप्प.
चेंबूर, टॉवरचं तळघर, बी-टू, खांब एकोणचाळीस.
वर मे महिना, इथं खाली ट्यूबलाइटची घरघर
आणि काचेवर एकवीस दिवसांची धूळ,
तिच्यात कुणा पोरानं बोटानं लिहिलेलं: धुवा.

मी गावी गेलो होतो. पुतणीचं लग्न,
मग आंबे, मग अजून दोन दिवस.
टोरोंटोला जाताना साहेब एवढंच म्हणाले होते,
"घाडी, आठवड्यातून एकदा चालू करत जा."
पगार येतो पाच तारखेला, न चुकता.
त्याचा फोनवर आवाज होतो.
गाडीचा होत नाही.

किल्लीच्या पोटात दुसरी किल्ली असते, चपटी, पत्र्याची.
सहा वर्षांत पहिल्यांदा ती बाहेर काढली,
मनगट वळवून दार उघडलं,
आणि उगाच मागं वळून बघितलं.

मुनाफ आला कुर्ल्याहून,
स्कूटरवर दोन पायांत बॅटरी धरून,
लहान मूल उभं करतात तशी.
म्हणाला, "मोठीला काय धाड भरलीय?
दोनशे व्होल्ट पोटात घेऊन झोपलीय.
पण तिला उठवते ती ही छोटी."
मी म्हटलं, "मग मोठीतलंच थोडं द्या की हिला."
"मोठीकडं जायचं दार हीच उघडते ना, मामा."

छोटी असते मागच्या सीटखाली, डावीकडं.
म्हणजे साहेबांची जागा.
मी चपला काढल्या.
मुनाफ हसला. मीही हसलो, पण काढल्या.
गुडघे टेकले त्या सीटवर, जिला आजवर
माझं फक्त फडकं लागलं होतं,
आणि दोन्ही हातांनी कड वर ओढली.
हलेना. मग एकदम सुटली.
खाली शेंगदाण्याचं टरफल, छोट्या ताईंची क्लिप,
विमानतळाच्या पार्किंगची पावती, शाई उडालेली,
आणि बाजूनं गेलेली नारिंगी वायर, अंगठ्याएवढी जाड.
"तिला हात नाही," मुनाफ म्हणाला.
त्याचा आवाजच बदलला.

दहाचा पाना. आधी काळी, मग लाल.
वाफेची बारीक नळी काढून बाजूला ठेवली,
"परत लावायची, आठवण कर."
जुनी उचलून मी बाहेर ठेवली.
रिकामी झाली म्हणून हलकी होत नाही बॅटरी.

नवी बसली. लाल, मग काळी.
काळी टेकताना एक ठिणगी,
आणि आत कुठंतरी, टक.
नळीची आठवण मी केली.
ब्रेकवर पाय, बोटाखाली बटण,
हिरव्या अक्षरांत 'रेडी'.
वॉचमन तांबट वाकून बघत होता.
"झाली का चालू?"
"झाली."
"कशावरून?"
मी वीतभर पुढं घेतली. तेव्हा सरकला.

जुनीचे सातशे मुनाफनं वळते केले.
बाकीचे मी दिले, खिशातून.
टोरोंटोत तेव्हा रात्रीचे दोन,
आणि बी-टूला रेंज नसते.
बिल घडी करून वरच्या झापेत खोचलं.
कुणाला दाखवायचं का, ते अजून ठरलं नाही.

गाडी मात्र बरंच विसरली होती.
काचा अर्ध्यात थांबत होत्या, त्यांना परत शिकवलं:
पार वर नेऊन बटण धरून ठेवायचं,
मनात पाच आकडे. एकेक काच. चारही.
रेडिओची स्टेशनं गेली.
घड्याळात एक वाजला होता, कुठला तरी एक.

या घड्याळात सात मिनिटं पुढं असायची,
साहेबांनी स्वतः लावलेली,
मला उशीर होऊ नये म्हणून.
मी फोन बघितला
आणि बरोबर वेळ लावली.

मग रॅम्पवरून तिला वर आणलं.
उन्हात आल्या आल्या इंजिन आपणहून सुरू झालं,
एसीसाठी.
मागं कुणी नव्हतं.
तरी मी बंद केला नाही.